चार तासांवरचा भाऊ

आई गेली, तेव्हा मी ऑकलंडला नोरोआदादाला फोन लावला. आमच्या रारोटोंगा बेटावर माणसाला घराच्या अंगणातच पुरतात आणि पहिली मूठ थोरल्यानं टाकायची असते. माती शनिवारी होती.

दादा म्हणाला, "अरे, इथं शनिवार उजाडलासुद्धा! आता कसा पोचू? तुम्ही उरकून घ्या."

"दादा, शनिवार तुझ्याकडे. मधे वाररेषा पडते, इथं अजून शुक्रवारच आहे. चार तासांचं तर विमान. दुपारी बसलास तर आज संध्याकाळी जेवायला इथं असशील."

इथं जन्मलेला माणूस हे विसरेल होय? दादा म्हणाला, "बघतो. दगदग फार होते रे."

संध्याकाळी विमान आमच्या पत्र्यावरून खाली उतरलं. आईपाशी बसलेल्या सगळ्या बायकांनी निरोपाचं गाणं थांबवून वर बघितलं. मी गाडी घेऊन विमानतळावर गेलो आणि रिकामी गाडी घेऊन परत आलो.

पहिली मूठ मीच टाकली.

नाताळात दादा आला, बायको-पोरांना घेऊन, समुद्रावर डुंबायला. आईच्या थडग्याला मिठी मारून मोठ्यानं रडला. शेजारच्या तेपाएरूमावशीनं डोळे पुसले, "बिचारा! किती लांबून आलाय!"

मी म्हटलं, "लांबून कुठला, मावशी? चार तासांवर तर राहतो. वर देवानं एक अख्खा दिवस फुकट दिला होता, तोही त्याला पुरला नाही."