वाचलेला पाय

हंबीररावाचा पाय वाचला आणि त्याच्या थोरल्या भावाच्या, नाथाजीच्या, पोटात दुखायला लागलं. सख्ख्या भावाबद्दल असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खरं ते खरं.

नाथाजीला स्वतःला उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. तो फौजेतून हवालदार होऊन परतलेला, त्यामुळे लग्नकार्यात परगावची माणसं तो पाय सीमेवर गेला असं धरून चालत आणि अदबीनं उठून जागा देत. नाथाजी जागा घेई आणि गप्प बसे. पाय खरा गेला तो बिडीनं आणि साखरेनं. नऊ वर्षांपूर्वी अंगठा काळा पडला, शिरा आतून तुंबल्या, रक्त खाली पोचेना. दुखणं अंगावर काढता काढता दोन महिने गेले आणि मग डॉक्टरांनी सांगितलं की आता पाय ठेवला तर माणूस जाईल. तेव्हापासून तो कमरेपासून गुडघ्यापर्यंत पट्टे आवळून रबरी पायावर चालायचा आणि जिना दिसला की शिव्या द्यायचा.

यंदा दिवाळीनंतर हंबीररावाच्या डाव्या पायाचा अंगठा तसाच काळा पडायला लागला. पहिल्यांदा ओळखलं ते नाथाजीनंच. भाऊ रात्री पाय खाटेखाली सोडून बसतो म्हणजे काय, हे त्याच्याइतकं घरात कुणाला ठाऊक होतं? त्यानं दुसऱ्याच दिवशी पुतण्याला, कुणालला, गाडी काढायला लावली आणि कराडच्या पलीकडच्या आपल्या गावातून थेट मिरज गाठली. एवढं त्याच्या नावावर लिहून ठेवायला हरकत नाही.

मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी चाकू हातात घेतलाच नाही. जांघेत सुई टोचली, शिरेतून बारीक तार खाली सोडली, तुंबलेल्या जागी इवलासा फुगा फुगवला आणि रक्ताला वाट करून दिली. हंबीरराव सगळा वेळ जागा होता आणि पडद्यावर आपल्याच पायातली तार बघत होता. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच्या पायांनी गाडीत बसला. जखम म्हणाल तर सुईच्या टोकाएवढी.

नाथाजीच्या दृष्टीनं हे वरातीमागून घोडं होतं. असलं काही तेव्हाही कुठंतरी करत असणारच, पण त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग?

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण बिस्किटाचा पुडा बायडाबाईच्या, म्हणजे हंबीररावाच्या बायकोच्या, हातात ठेवी आणि ओट्यावर टेके. हंबीरराव मोजा काढून पाचही बोटं हलवून दाखवी. अंगठ्यावरचा काळेपणा मागं सरून गुलाबी कातडी वर येत होती. पाहुणा वाकून बघे, वा म्हणे, आणि मग त्याची नजर शेजारी बसलेल्या नाथाजीच्या रबरी पावलाकडे जाई आणि तो जिभेनं चक् करी. त्या चक्‌चा नाथाजीला इतका संताप येई की हातातला चहा त्याच्या तोंडावर फेकावासा वाटे. नऊ वर्षांत त्याच्या पायाला एवढे पाहुणे आले नव्हते. कापलेला पाय कोण बघायला येतो?

खरी गोम वेगळीच होती. मिरजेहून निघताना कुणाल औषधं आणायला गेलेला, बायडाबाई सामान आवरत होती. डॉक्टरीणबाईंनी नाथाजीला एकट्याला आत बोलावलं. तुम्ही यातून गेलेले आहात, तुम्हाला नीट समजेल, असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत, बिडी बंद, साखर ताब्यात. आणि अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही, घरातही नाही. साखरेनं तळव्याची जाणीव गेलेली आहे, काटा मोडला तरी हंबीररावांना कळणार नाही, आणि त्या एका काट्यावरून पाय पुन्हा जाऊ शकतो.

घरी येऊन नाथाजीनं गोळ्यांचं सांगितलं, बिडीचं सांगितलं, साखरेचं तर दोनदा सांगितलं. अनवाणी चालण्याचं तेवढं राहिलं. विसरलो, असं त्यानं स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी सकाळी हंबीरराव आंघोळ करून, हातात बेल घेऊन, अनवाणीच बाहेर पडला. टेकडीवरच्या महादेवाला नवस होता, नऊ सोमवार अनवाणी चढायचं. बायडाबाईनं मोठ्या कौतुकानं सगळ्या आळीला ते सांगितलं. देवानं पाय दिला, तर त्या पायानं देवाकडे जायला नको का? ज्यानं पाय वाचवला त्याचे उपकार फेडताना पायच घालवायचा, ही आपल्याकडची जुनी खोड.

नाथाजीनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. टेकडीची वाट त्याला पाठ होती, अर्धी खडी आणि अर्धी बाभळी. जाऊ दे, तो मनात म्हणाला, चढू दे दोन पायांवर. मला कुणी अडवलं होतं का?

दुसऱ्या सोमवारी हंबीरराव परतला आणि पाय धुऊन आत गेला. ओट्याच्या शहाबादी फरशीवर टाचेच्या जागी रक्ताचा रुपयाएवढा ठिपका होता. नाथाजीनं इकडेतिकडे बघितलं, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ठिपका पुसून टाकला. पुसल्यावर त्याची त्यालाच भीती वाटली. टॉवेल त्यानं उशाखाली दडवला आणि दोन दिवस त्याला भाकर गोड लागली नाही. तरी तो बोलला नाही. बोलायचं तर आधी का बोलला नाहीस, याला उत्तर द्यावं लागणार होतं, आणि उत्तर त्याच्याजवळ होतं, म्हणूनच तर पंचाईत होती.

तिसऱ्या सोमवारी हंबीरराव निघायच्या आधी त्याच्यापाशी येऊन बसला. बेलाची पानं उपरण्यात बांधलेली होती. तो बराच वेळ गाठ सोडत आणि बांधत राहिला.

"दादा, एक सांगायचं राह्यलंय," तो म्हणाला. "ह्यो नवस माज्या पायाचा न्हाई."

"मंग कुणाचा?"

"तुमचा. तुमाला तवा आत न्हेलं, तवा मी बोललो हुतो. दादा जगू दे, नऊ सोमवार अनवाणी येतो म्हनून. तुमी जगला, पर पाय गेला. मला लय राग आला देवाचा. अर्धंच दिलं म्हनलं, मी बी फेडत न्हाई जा. न्हाई फेडला. आता माजाच अंगठा काळा पडला, तवा कळलं का पडला त्ये."

नाथाजी त्याच्याकडे बघत राहिला. हा माणूस दोन सोमवार काट्यांतून त्याच्यासाठी चढला होता, आणि तो खाली बसून त्या काट्यांची वाट बघत होता. त्यानं मान खाली घातली. हंबीरराव उठला आणि ओट्याची पायरी उतरायला लागला.

"थांब रं," नाथाजी म्हणाला. मग त्यानं आत हाक मारून बायडाबाईला हंबीरच्या चपला आणायला सांगितलं. ती म्हणाली की आवं भाऊजी, नवस हाय. त्यानं पुन्हा तेवढंच सांगितलं, आणि आवाज असा काढला की ती चपला घेऊनच आली.

"बस," तो भावाला म्हणाला. "डाक्टरीणबाईनं मला सांगितलं हुतं. अनवाणी एक पाऊल बी टाकायचं न्हाई. काटा लागला तर पाय जाईल. मी तुला सांगितलं न्हाई."

"इसरला आसाल," हंबीरराव म्हणाला.

"इसरलो न्हाई."

बायडाबाई दारातच उभी राहिली.  हंबीररावानं आधी नाथाजीच्या रबरी पावलाकडे बघितलं आणि मग स्वतःच्या पायाकडे. त्याला समजलं होतं, आणि समजलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

नाथाजी कसाबसा खालच्या पायरीवर बसला. पट्ट्यांनी आवळलेला रबरी पाय नीट वाकेना, तो त्यानं पुढं पसरला आणि भावाचा डावा पाय उचलून मांडीवर घेतला. थोरल्यानं धाकट्याच्या पायाला हात लावायचा नसतो. हंबीररावानं पाय मागं ओढला.

"दादा, पाय नगा धरू."

"गप बस. नवस माज्या जिवाचा हाय न्हवं? मंग त्यो सोडायचा का ठिवायचा ह्ये मी ठरवीन. देवाला माजं नाव सांग. उरल्यालं सोमवार मी हितंच पायरीवर बसून फेडीन. माजा एकच पाय हाय, तेवढ्यात भागवून घे म्हनावं."

टाचेत बाभळीचा काटा आत मोडलेला होता आणि भोवतीचं मांस सुजून लाल झालं होतं. हंबीररावाला त्याचा पत्ताच नव्हता. नाथाजीनं काट्याला हात लावला नाही. एवढं तो शिकलेला होता. त्यानं उशाखालचा टॉवेल मागवला. बायडाबाईनं तो आणला, उलगडला, त्यावरचा वाळलेला तांबडा डाग बघितला आणि तो थोरल्या दिराच्या हातात दिला. नाथाजीनं त्याचं कोरडं टोक टाचेखाली धरलं आणि कुणालला गाडी काढायला सांगितलं, मिरजेला.

गाडी येईपर्यंत तो पाय त्याच्या मांडीवरच होता. गेले तीन आठवडे तो सगळ्या गावानं हात लावून बघितला होता, त्यानंच तेवढा लावला नव्हता. आता त्यानं अंगठा मुठीत धरला. अंगठा ऊन होता, आत बारीक ठोके लागत होते. त्याला परत हेवा वाटला, अगदी पहिल्यासारखा. पण मूठ त्यानं सोडली नाही.