एकाचे ठोके, दुसऱ्याचे नाव

"तुमचा पडदा ओरडतोय, खिडकीकडच्या आजोबांचं हृदय बंद पडतंय, आणि आजोबा मस्त घोरतायत! घुसमटत होते शेजारचे मास्तर. मी सहज पाणी द्यायला गेले म्हणून वाचले!" हेडसिस्टर फोनवर कडाडल्या.

फोन घेणाऱ्या बाईंना कंपनीत सगळे थांबाबाई म्हणत. कुणी घाईने प्रोग्राम पुढे रेटू लागलं की "थांबा, बघू द्या" हे ठरलेलं. रुग्णालयातल्या प्रत्येक खाटेजवळच्या यंत्रातून नाडीचे आकडे अखंड वाहत येत. ते नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम त्यांच्या टीमचा होता.

"चाचण्या सगळ्या पास आहेत," बाईंचे साहेब म्हणाले. "लाखात एखादा आकडा इकडचा तिकडे होतो."

"लाखातले ते मास्तर होते, साहेब."

दिवसभर बाई खुर्चीतून हलल्या नाहीत. संध्याकाळी चूक सापडली. प्रोग्रामचे अनेक थ्रेड, म्हणजे एकाच वेळी राबणारे अनेक हात, आकडे एकाच जागी ठेवत होते. एकाने रुग्णाचं नाव लिहिलं, की त्याने आकडा लिहायच्या आत दुसरा आपला आकडा तिथे ठेवून मोकळा! एका पाटीवर दोघांनी एकदम गिरवावं, तसा प्रकार.

"मग कुलूप लावा त्या जागेला. एकाचं होईपर्यंत दुसरा थांबेल," साहेब म्हणाले.

"सगळा वॉर्ड एका दारात रांग लावेल. इशारा चुकीचा आला काय नि उशिरा आला काय, माणूस जायचा तो जाणारच. त्यापेक्षा प्रत्येक रुग्ण एका ठरावीक थ्रेडकडे सोपवू. त्याची जागा वेगळी, तिथे दुसऱ्याचा हातच पोचायला नको. पण तोवर पडदा बंद."

"उद्या कंपनीचे मोठे साहेब रुग्णालयात पाहणीला येतायत! काळा पडदा दाखवू त्यांना?"

"दाखवा. काळा पडदा खोटं तरी बोलत नाही."

बाई स्वतः वॉर्डात गेल्या. "खाटेजवळची यंत्रं बरोबर आहेत, टेबलावर विसंबू नका," त्यांनी सांगितलं. हेडसिस्टरांचा राग निवळला. "चला गं, पायांना काम!" म्हणत त्यांनी नर्सना खाटेखाटेपाशी उभं केलं.

पाहणी काळ्या पडद्यासमोरच झाली. व्हायचं तेच झालं. टीमची सूत्रं बाईंच्या हातून गेली. त्या मात्र खाली मान घालून कामाला लागल्या. दोन रुग्णांचे आकडे मुद्दाम एकाच क्षणी आदळवायचे, कुठे गफलत होते ते पाहायचं, पुन्हा आदळवायचे. एरवी थट्टा करणारी टीममधली पोरं न बोलावता शेजारी खुर्च्या ओढून बसली. एकही आकडा परक्या नावावर जाईना, तेव्हाच बाई खुर्चीतून उठल्या.

पडदा सुरू झाला त्या दिवशी त्या वॉर्डात गेल्या. मास्तर उशीला टेकून आजोबांशी तावातावाने वाद घालत होते. बाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या. एकदा मास्तरांकडे बघत, एकदा पडद्याकडे. मास्तरांचा आवाज चढला, तसा त्यांच्याच नावापुढचा आकडा चढला.

"ताई, भेटीची वेळ संपली," नव्या पाळीची नर्स म्हणाली. "तुमचा पेशंट कोणता?"

बाईंनी पडद्याकडे एकदा शेवटचं पाहिलं.

"कोणी नाही हो," त्या म्हणाल्या आणि पर्स खांद्याला अडकवून जिना उतरू लागल्या.