बोकडाचं आतडं

"विहिरीच्या पाण्याचे नमुने घे," तातेराव सर म्हणाले. "सगळे तेच करून राह्यले. प्रोजेक्ट जल्दी उरकतो."

"मला पाणी नको, सर," बेबीनंदा म्हणाली.

साल १९९७. वाटूरच्या मेंढपाळाची ही मुलगी जालन्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आतड्याच्या भिंतीला आतून बुळबुळीत थर असतो आणि पोटातले काही जिवाणू तो थरच खातात, असं तिने वाचलं होतं. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. त्यांना दुसरं खायला मिळालं तर ते थर सोडतील का?

"थर आणणार कुठून?" सरांनी विचारलं.

"बोकडाच्या आतड्यातून."

"असली घाण लॅबमध्ये बिलकुल चालणार न्हाई."

त्या रविवारी वाटूरला नवसाचं बोकड कापलं. बेबीनंदाने आतडी मागितली तसे चुलते आबाराव भडकले. "कॉलेजात घातलं ते आतडी खरवडायला?"

"हो काका, त्याच्यासाठीच."

वडील इंद्रभान वादात पडले नाहीत. त्यांनी आतडी डब्यात भरली, झाकण दाबून लावलं. "घे माय. नासायच्या आत पोहोच."

जालन्याला ती दुर्गाबाईंकडे भाड्याने राहायची. मोरीत बसून तिने आतड्यातली थोडी घाण जिवाणूंसाठी बाजूला काढली. मग आतडी धुऊन चमच्याच्या पाठीने थर खरवडला आणि त्यात आधीचे जिवाणू उरू नयेत म्हणून कुकरला लावला. वास घरभर झाला. दुर्गाबाई पदर नाकाला लावून आल्या.

"उद्या सामान उचल."

"उचलते. एवढं शिजू द्या."

सकाळी ती ट्रंक मैत्रिणीकडे टाकून थेट लॅबमध्ये गेली. तिने तीन नळ्या मांडल्या. एकीत नुसता थर, दुसरीत थर आणि जिवाणू, तिसरीत त्या दोन्हींबरोबर ज्वारीचा कोंडा. हवा लागू नये म्हणून वरून तेल सोडलं.

"उचल हे," सर आल्या आल्या म्हणाले.

"तुम्हाला फेकायचं असंल तर फेका, सर. मी उचलणार न्हाई."

ती नळ्यांसमोरून हलली नाही. सरांनी खिडकी उघडली आणि ते निघून गेले.

पुढच्या आठवड्यात तिने त्यांना बोलावून आणलं. पहिल्या नळीत काचकांडी बुडवून वर ओढली, तशी थराची लांब तार निघाली. दुसरीत तार निघेचना, सगळं पाण्यासारखं पातळ झालेलं. तिसरीत कोंडा खाली बसला होता आणि तार निघत होती. पहिल्याइतकी नाही, पण निघत होती.

सरांनी कांडी स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा बुडवली.

"एका खेपेनं काही सिद्ध होत न्हाई," ते म्हणाले.

"मंग पुन्हा करते. इथंच."

सरांनी कांडी तिच्या हातात परत दिली.

पुढच्या खेपेला इंद्रभान स्वतःच एस.टी.ने डबा घेऊन आले. शिपायाने धोतर-पटका बघून दारातच अडवलं, तशी बेबीनंदा बाहेर आली आणि बापाला हाताला धरून आत घेऊन गेली. नळ्या निरखून त्यांनी विचारलं, "म्हंजी कोंडा मिळाला तर हे थराला कमी तोंड लावतेत?"

"तसंच दिसून राह्यलं, बाबा."

दुसऱ्या खेपेलाही तसंच झालं. परीक्षकांनी मात्र, जालन्याच्या पाण्यावर का काम केलं नाही, असं विचारून कमी गुण दिले. सर तिला म्हणाले, "आधीच ऐकायचं होतंस."

"न्हाई सर," ती म्हणाली आणि पुढच्या खेपेसाठी नळ्या घासायला घेतल्या.