ऊद न लावलेला रविवार

"आज ऊद लावू नगं," मोतीराम म्हणाला.

तव्यावर रोहूची तुकडी ठेवणारा सुकेशनीचा हात जागीच थांबला. दुसऱ्या हाताने ती खिडकी लावून घेत होती.

"अवो, वास खाली जाईल की."

"जाऊ दे. खिडकी बी उघड."

शेंद्र्याच्या कारखान्यात काम करता करता मोतीरामच्या छातीत कळ आली होती व तो यंत्रापाशीच कोसळला होता. प्राण वाचले, परंतु डॉक्टरांनी मटण आणि तळण वर्ज्य केले व आठवड्यातून दोनदा मासे खाण्याचा उपदेश केला. माशांतील स्निग्धांश हृदयास हितकारक असतो, त्यांचे मांस पचनास हलके असूनही शरीरास बळ देते, हे त्यांनी शांतपणे समजावले. मोतीराम पडला मटणाचा भोक्ता. काट्यांचा त्याला मनस्वी कंटाळा. तरीही छावणीच्या बाजारातून जायकवाडीचे मासे येऊ लागले. थेंबभर तेलावर भाजलेली तुकडी आणि ज्वारीची भाकरी, असा नेम पडला. औषधे, चालणे व हा आहार यांच्या योगाने, जिन्यात धापा टाकत टेकणारा माणूस एका दमात वर येऊ लागला.

अडचण घराची होती. पुंडलिकनगरातील हे घर तात्यासाहेबांचे. मांस-मच्छी शिजवायची नाही, ही त्यांची अट. अनेक दारांवरून परत फिरल्यानंतर मिळालेले घर, म्हणून मोतीरामने तेव्हा मान डोलावली होती. दुखण्याआधी मटण तो भावाकडे जाऊन खाई; परंतु पथ्याचे जेवण दुसऱ्याच्या चुलीवर किती दिवस मागावे? अखेर सुकेशनीने उपाय शोधला. खिडक्या बंद, दाराच्या फटीला ओले फडके आणि धुपाटण्यात मूठभर ऊद. खालच्या मजल्यावरील तात्यासाहेब तो सुगंध घेत व उभयतांना मोठे धर्मशील समजत. "बुधवारी-रविवारी तुमचा ऊद दरवळतो, मन अगदी प्रसन्न होतं," असे ते म्हणाले, की वर येऊन नवराबायको तोंडे दाबून हसत.

ते हसू आज सकाळी संपले. शेजारची खोली पाहण्यास प्रेरणा कांबळे नावाची एक तरुण परिचारिका आली होती. तिने आडपडदा ठेवला नाही.

"काका, आम्ही मासे खातो. आधी सांगितलेलं बरं."

तात्यासाहेबांनी जिन्यात उभ्या असलेल्या मोतीरामकडे बोट केले. "हे बघा, हेही तुमच्यातलेच. पण घर कसं ठेवलंय! ऊद जळतो घरात."

मोतीरामच्या हातातील पिशवीतून पाणी ठिबकत होते. प्रेरणाने ते ओघळ पाहिले, मग त्याचे तोंड पाहिले, आणि ती निघून गेली. मोतीराम पिशवी पाठीमागे लपवून वर आला होता.

तवा चुरचुरला. वास खिडकीवाटे मोकळेपणाने खाली उतरला, आणि थोड्याच वेळात तात्यासाहेब नाकाला रुमाल लावून वर चढले.

"मोतीराम, हा कसला वास?"

"माशाचा. दर बुधवारी-रविवारी असतो. उदाच्या खाली ह्योच हुता."

"अहो, औषध म्हणूनच हवं तर माशाच्या तेलाच्या गोळ्या मिळतात. मी स्वतः घेतो. वास नाही, बोभाटा नाही."

"म्हंजी मासा तुम्हाला बी लागतो. फकस्त त्याला डोकं-शेपूट नसावं."

सुकेशनीने पदराआड हसू दाबले. तात्यासाहेबांचा चेहरा कठोर झाला.

"तुम्ही अट मोडलीत."

"व्हय, मोडली. चोरून मोडली त्येची लाज वाटली, म्हणून आज उघड मोडली."

"मग महिनाअखेर घर रिकामं करा."

"करतो. पन फुडं कुणाला माझा दाखला देऊ नका. द्यायचाच तर पुरा द्या."

महिनाअखेरीस टेम्पो दारात लागला. भावाच्या मुलांनी सामान खाली आणून त्यात भरले. शेवटी सुकेशनी म्हणाली, "अवो, उदाचा पुडा वट्यावरच ऱ्हायला."

"ऱ्हाऊ दे. फुडच्या भाडेकरूला लागंल."

तवा मात्र त्याने कोणाच्या हाती दिला नाही. सकाळच्या माशाचा, न धुतलेला तो तवा मांडीवर घेऊन तो चालकाशेजारी बसला. फाटकाशी तात्यासाहेब उभे होते. टेम्पो त्यांच्यासमोर आला, तेव्हा मोतीरामने खिडकीची काच पूर्ण खाली केली.