सालुदचं वाळवण

"माइक काय माहेरनं आणलायस? सरक की जरा," बेर्ता ओठ न हलवता पुटपुटली, आणि ते पुटपुटणं भोंग्यातून अख्ख्या गावावर पडलं.

लुमिंगनं तिला कोपर मारलं, पण सूर सोडला नाही. सोडायचाच नसतो. गुड फ्रायडेला येशूच्या दुःखाची पोथी गायला घेतली की शेवटच्या ओळीपर्यंत सूर तुटू द्यायचा नाही. बायांनी पाळीपाळीनं बसायचं, घरचीनं आल्याचा उकाळा पुरवायचा. यंदा घरची लुमिंग. दिवस असा की केरसुणीलाही हात लावायचा नाही. आज झालेली जखम भरत नाही म्हणतात.

आणि रस्त्यापलीकडे, बास्केटबॉलच्या मैदानात, सालुद दाताळं घेऊन भात वाळवत होती.

"देव मेलाय, अन् हिचं वाळवण चाललंय," पाळी संपवून उकाळा फुंकत बेर्ता म्हणाली.

सालुद लुमिंगची भावजय. तिचा नवरा दामियान अंथरुणाला खिळला तेव्हा नव्या प्रार्थनाघराची माणसं त्याच्या उशाशी बसली. तो गेला आणि सालुद त्यांच्यातली झाली. तेही गावानं गिळलं असतं. पण ती कसत होती ते शेत घराण्यातल्या लाकडी येशूच्या नावचं. कसणाऱ्यानं त्याच्या मिरवणुकीची फुलं, मेणबत्त्या बघायच्या. "लाकडाला फुलं घालणार न्हाई," सालुद म्हणाली, आणि शेतही सोडलं नाही. तेव्हापासून लुमिंगला थोरल्या बहिणीसारखं "आते" म्हणणं बंद झालं. राहिलं परक्याचं "आलिंग लुमिंग".

डोंगराकडून आभाळ काळंनिळं होत आलं. वाऱ्यानं मैदानातला भुसा उडवला. सालुद पळत पळत रास ओढायला लागली. तिची म्हातारी आई पोत्याचं तोंड धरून उभी, पण वाऱ्यानं पोतं तिलाच घेऊन चाललं होतं. भिजलेल्या भाताला मोड येतात, आणि त्या घरात वर्षभर खायला दुसरं काही नव्हतं.

"चारजणी गेलो तर आवरंल," एक नवी सून म्हणाली.

"बस खाली!" बेर्ता डाफरली. "आजच्या दिवशी काम? हात झडतील. जिनं देव सोडला, तिचं देव बघंल."

कुणी उठलं नाही. सगळ्या मात्र आभाळाकडं बघत होत्या.

पोथी सायमनपाशी आली. येशूच्यानं क्रूस उचलवेना, म्हणून शिपायांनी शेतावरून येणारा एक माणूस धरला आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला. पोरवयापासून लुमिंग हे दरवर्षी गायची. आज "शेतावरून" म्हणताना तिची नजर मैदानाकडं गेली.

"शेतात होता," ती माइकमध्येच म्हणाली.

"कोण?"

"सायमन. याच दिवशी. शेतात होता, म्हणून तर घावला."

"आते, सूर! सूर तुटला!" बाया ओरडल्या.

लुमिंगनं बाकाखालची पोती ओढली आणि परकर खोचत मैदान गाठलं.

"हात लावू नका, आलिंग लुमिंग," सालुद दाताळं आडवं धरून म्हणाली. "मला तुमची गरज न्हाई."

"तुझ्यासाठी आलंय कोण? तोंड धर पोत्याचं."

"मग कुणासाठी? त्या लाकडासाठी?"

"धर म्हणते ना! जीभ मागनं चालव!"

मग एकेक करत बाया आल्या, कुरकुरत, शिव्या घालत. सगळ्यांत शेवटी बेर्ता. तोवर थेंबांची सर झाली होती. अर्धं भात पोत्यात आलं. अर्धं पाण्याबरोबर गटाराकडं चाललं, आणि सालुद ओंजळीनं ते अडवत बसली.

पोती लुमिंगच्या ओसरीवर ओढली, माइकजवळ. सालुद पायरीखालीच थांबली, पावसात.

"इतका वेळ बसून बघत काय होता?" तिनं विचारलं.

"पठण मोडायचं नसतं गं," बेर्ता म्हणाली. "देवाचा दिवस."

"एवढा पाऊस येईलसं वाटलं न्हाई," दुसरीनं सांगितलं.

"येईलसं वाटलं होतं," लुमिंग म्हणाली.

"आते, गप..." बायांतली एक पुटपुटली.

"देवाला मधी आणू नगंस, बेर्ता." लुमिंगनं तोंडावरचं पाणी पुसलं. भोंगा चालूच होता. "सालुद, तुझं भात भिजावं असं आम्हाला वाटत होतं. मला सगळ्यांत जास्त."