गाडी माझ्या नावावर आहे

दवाखान्यातून घरी आल्यावर उस्तादबाईंनी आधी अंगणाकडे पाहिलं. आठ वर्षं जिथे त्यांची गाडी उभी होती, तिथे तेलाचा काळा डाग तेवढा उरला होता.

"गाडी कुठे आहे?"

मुलगा त्यांना धरून पायरी चढवत होता. "आधी आत चल, आई. डॉक्टरांनी उभं राहू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरांनी काय सांगितलं ते मलाच सांगितलंय. गाडी कुठे आहे?"

"दिली." तो पायरीकडे बघत म्हणाला. "भंगारात. सडली होती गं ती. आत उंदरांनी संसार मांडला होता. आणि आता तुझा पाय असा. कोण चालवणार होतं?"

बाईंच्या डाव्या खुब्यात नवा सांधा बसवलेला, हातात चार पायांचा वॉकर. अशा अवस्थेत भांडण काढलं तर उभ्या उभ्या कोसळू, हे त्यांना कळत होतं. त्या आत जाऊन पलंगावर बसल्या आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

उस्तादबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा अकाली गेला तेव्हा पदरात चार वर्षांचं पोर होतं आणि दारात ही गोल पाठीची, जडशीळ मोटार. ती विकून शिवणयंत्र घ्यावं, असं सगळ्या नातेवाइकांचं मत पडलं. बाईंनी सगळ्यांचं मुकाट्याने ऐकून घेतलं आणि गाडी आपल्या नावावर करून घेऊन ती चालवायला शिकल्या. पुढे एकतीस वर्षं टॅक्सी चालवली. स्टँडवरच्या पुरुषांनी आधी नाकं मुरडली, मग थट्टेने 'उस्ताद' म्हणायला सुरुवात केली. एकदा उतारावर ब्रेक गेलेली गाडी बाईंनी नुसत्या गिअरवर आवरली आणि चार उतारू सुखरूप खाली आणले. त्या दिवसापासून त्या शब्दातली थट्टा संपली.

गाडी कोणत्या भंगारवाल्याकडे गेली ते सांगितलं सुनेने. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, मोजकंच बोलायची. सासूच्या पायाला तेल लावता लावता म्हणाली, "कालव्याच्या पलीकडे, पत्र्याच्या उंच कुंपणाचं आवार. आई, मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही."

"आता बोललीस ना," बाई म्हणाल्या. "कपाटाच्या खालच्या कप्प्यातून ते निळं पुस्तक काढून दे."

सहा आठवड्यांनी वॉकर सुटून काठी आली. त्याच दिवशी बाई रिक्षा करून त्या आवारात गेल्या. मोडक्या गाड्यांची चळत लागली होती. त्यांची गाडी अगदी कडेला होती. चाकं काढलेली, दारं भिंतीला टेकवून ठेवलेली, बॉनेट उघडं. बाईंना तोंड वासून पडलेलं माणूस बघावं तसं झालं. त्यांनी काठी घट्ट धरली.

भंगारवाला चाळिशीचा, अंगाने आडवा, बोलायला मऊ माणूस होता. "मावशी, तुमच्या मुलाने सही केलीय. कागद आहे माझ्याकडे."

बाईंनी निळं पुस्तक त्याच्या पुढ्यात उघडलं. "हे गाडीचं नोंदणीपुस्तक. मालकाच्या जागी काय लिहिलंय ते वाच."

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग डोकं खाजवलं.

"गाडी माझ्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. "मुलाने उद्या तुला नदीवरचा पूल विकला, तर घेशील का?"

भंगारवाला हसला. "बरं, घेऊन जा. पण नेणार कशी? रेडिएटर कापून पितळ काढलं. पुढचा बंपर एका जुन्या गाड्यांच्या शौकिनाने नेला. इंजिन तर जाम आहे, दगड झालाय त्याचा."

"मग इथेच राहू दे. इथेच करते."

"काय करता?"

"चालू."

त्याने बाईंच्या काठीकडे पाहिलं. "मावशी, तुम्हाला वाकता तरी येईल का?"

"नाही. वाकायची मनाई आहे. तुझ्याकडे क्रेन आहे ना? मी खाली जाऊ शकत नाही, तर गाडी वर आण."

तो माणूस खरंच वेडा म्हणायचा, कारण त्याने ती वर आणली. चार लोखंडी पिंपांवर गाडी चढवली, म्हणजे स्टुलावर बसून बाईंचा हात तळापर्यंत पोचेल. नंतर तो गिऱ्हाइकांना सांगायचा, की दया म्हणून नाही, पुढे काय होतं ते बघायला मजा येईल म्हणून केलं.

रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन बाई यायच्या आणि ऊन कलल्यावर परत जायच्या. आधी त्यांनी इंजिनाचे प्लग काढले, जाम सुटावा म्हणून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल ओतलं आणि वाट पाहिली. दररोज पुढून हँडल घालून दोन्ही हातांनी जोर लावायचा. हँडल हूं की चूं करत नव्हतं. भंगारवाला जाता जाता म्हणायचा, "सोडा, मावशी." अकराव्या दिवशी हँडल बोटभर हललं. बाईंनी कुणाला हाक मारली नाही. तसंच धरून पुन्हा दाबलं. वीतभर फिरलं. मग मात्र त्या स्टुलावर बसल्या आणि पदराने तोंड पुसायच्या निमित्ताने थोडं रडून घेतलं.

तळाच्या पत्र्याची गंजून जाळी झाली होती. आवारात पडलेल्या एका लोखंडी कपाटाची पाठ कापून भंगारवाल्याने तिथे वेल्डिंग केलं. रेडिएटर एका मालवाहू टेम्पोचा मिळाला. तो चार बोटं उंच होता, म्हणून त्याच्या बैठका खाली घ्याव्या लागल्या. पुढच्या बंपरच्या जागी पाण्याचा जाड पाइप वाकवून बसवला. उंदरांनी खाल्लेल्या तारा सुनेने सुट्टीच्या दिवशी येऊन नव्याने ओढल्या. आधी कागदावर नकाशा काढला, मग एकेका तारेला चिठ्ठी बांधली. पहिल्यांदा दिव्यांचं बटण दाबलं तर हॉर्न वाजला. सून म्हणाली, "वर्गात असं झालं असतं तर मुलांनी डोक्यावर घेतलं असतं मला."

मुलाला हे कळायला तीन महिने लागले. कळलं त्या दिवशी तो आपल्या विम्याच्या कचेरीतून तडक आवारात आला. बाई पॉलिश पेपर घेऊन मडगार्ड घासत होत्या. केसांत गंजाचा लाल भुगा.

"आई, हे काय चाललंय? भंगारात बसून काम करतेस? लोक मला विचारतात."

"मग सांग त्यांना."

"काय सांगू? की माझी आई या वयात..." तो थांबला. मग इतक्या वर्षांचं दाबलेलं एकदम वर आलं. "तुला माहीत नाही. शाळेत मला टॅक्सीवालीचा म्हणायचे. सगळी पोरं घरी जायची आणि मी फाटकाशी एकटा उभा, तू भाडं सोडून येईपर्यंत. त्या गाडीचा वास अजून माझ्या नाकात आहे. ती दारात उभी असायची, तेव्हा रोज मला तेच आठवायचं."

बाईंनी पेपर खाली ठेवला. "ताटकळत ठेवलं, ते खरं आहे. त्याचं मला वाईट वाटतं, तेव्हाही वाटायचं. आणि तुला लाज वाटते हे मला ठाऊक होतं. म्हणून मी गाडी फाटकापाशी आणत नव्हते, कोपऱ्यावर लावून चालत यायचे. तुझ्या लक्षात नाही आलं?"

तो पिंपावरचा गंज नखाने खरवडू लागला.

"पण लाज तुझी होती, बाळा. गाडी माझी होती. तुझ्या लाजेपायी माझी गाडी विकायची नव्हतीस तू. तेही मी पलंगाला खिळलेली असताना."

"मला वाटलं, तुला आता नको असेल."

"तसं वाटलं असतं तर मला विचारलं असतंस," बाई म्हणाल्या आणि पुन्हा मडगार्ड घासू लागल्या. तो निघून गेला.

पाचव्या महिन्यात इंजिन सुरू झालं, चाकं चढली आणि गाडी पिंपांवरून खाली उतरली. रंग बाईंनी पिवळाधमक निवडला. भंगारवाला म्हणाला, जुन्या गाड्यांना गडद रंग शोभतो. बाई म्हणाल्या, "तिला शोभायचं नाहीये, दिसायचं आहे."

परवाना केव्हाच संपला होता, म्हणजे पुन्हा परीक्षा आली. डावा पाय क्लच दाबू शकतो, एवढं डॉक्टरांनी कुरकुरत का होईना, लिहून दिलं. परीक्षेच्या मैदानावर निरीक्षकाने आधी काठी पाहिली, मग पाइपाचा बंपर.

"आजी, परीक्षा कुणाची आहे?"

"माझी."

"काठी घेऊन?"

"काठी मागच्या सीटवर ठेवते. ती काही गाडी चालवत नाही."

त्याने त्यांना मुद्दाम अवघड तेच दिलं. दोन खांबांमधून वळण घेत उलट गाडी आत घालायची. गाडी लांब, स्टेअरिंग जड, वळताना कोपर आणि खांदा दोन्ही लावावे लागत. बाईंनी एकदाच मागे वळून पाहिलं आणि गाडी आत नेऊन ठेवली. खांब जागचा हलला नाही. निरीक्षकाने कागदावर सही केली आणि विचारलं, "कुठे शिकलात?"

"घरच्यांनी नको म्हटलं, तिथे," बाई म्हणाल्या.

त्या दुपारी पिवळी गाडी अंगणात येऊन उभी राहिली. मुलाने पाहिलं आणि आत गेला. आठ दिवस घरात अबोला. जेवताना भांड्यांचाच काय तो आवाज. बाईंनी तोही चालू दिला, कारण त्यांना कामं होती. दवाखान्यातून घरी जाणाऱ्या पेशंटना उंच गाड्यांत चढता येत नाही, हे त्यांनी स्वतः सोसलं होतं. त्यांच्या गाडीची सीट बुटकी, दार रुंद. दवाखान्याच्या चौकीदाराकडे त्यांनी नाव आणि फोन नंबर देऊन ठेवला.

नवव्या दिवशी सकाळी मुलगा चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, "आई, मी तुला विचारायला हवं होतं."

"हवं होतं," उस्तादबाई म्हणाल्या.

'जाऊ दे रे' त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. त्याच्या ताटलीत आणखी एक पोळी वाढली, हात धुतले आणि खुंटीवरची किल्ली घेतली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक मास्तर दवाखान्याच्या दारात वाट बघत होते, आणि आठला पोचते असा शब्द दिलेला होता.