बोटभर वंगण

मी उसाच्या चरकाचं दातेरी चाक. म्हणजे, होतो. आता गुऱ्हाळाच्या कुडाला टेकून पडलोय. तुम्ही उभेच आहात, तर ऐका की जरा.

त्रेपन्न साली कोल्हापुरातल्या एका कारखान्यात मला ओतलं. गारगोटीकडच्या गुऱ्हाळवाल्या आकारामनं आणून आपल्या चरकाला जोडलं. इंजिन सुरू झालं की दुसऱ्या चाकाच्या दातांत दात घालून मी दिवसभर फिरायचो. अशा कामाला वंगण लागतं, नाहीतर लोखंडच लोखंडाला खातं.

आकाराम रोज सकाळी वंगण भरायचा. पण आमच्याकडं चाकाचं काळं वंगण म्हणजे जखमेवरचं औषध! येणारा रस प्यायचा आणि इंजिन थांबलं की माझ्या दातांतून बोट फिरवायचा. कुणाच्या बैलाचा खांदा सुजलेला, कुणाच्या पोराला गळू झालेलं. आकाराम म्हणायचा, "न्या की पावणं, बोटभर वंगणानं काय हुतंय?"

एका बोटानं काही होत नाही हो, पण बोटं किती! दुपारपर्यंत मी कोरडा ठाक. करकर ओरडायचो, तर सगळे हसायचे. अस्सा राग यायचा! दात झिजत गेले आणि एकाच्या मुळाशी चीर पडली.

मग चन्नम्माची ऊस गाळायची पाळी आली. एकटी बाई, वर्षाचं सगळं पीक तोडून आणलेलं. बैलाच्या खांद्यासाठी तीही आठवडाभर माझं वंगण नेत होती. त्या दिवशी भर दुपारी माझा दात काड्कन तुटला, त्याच्यामागं आणखी दोन. चरक थांबला.

"ओतीवच कच्चं हाय," कुणीतरी म्हणालं. वा रे वा!

चन्नम्मानं उसाच्या ढिगाकडं बोट दाखवलं. "अय्यो, आकारामअण्णा! तोडलेला ऊस वाळला तर मी खाऊ काय वो?"

नवं चाक यायला आठवडा लागणार होता. आकारामनं मागं टाकलेला जुना बैलाचा चरक बाहेर काढला. चन्नम्मानं आपली जोडी जुंपली. सुजलेल्या खांद्याचा तो बैल आता बरा झाला होता, माझ्याच वंगणानं. तो मुकाट्यानं गोल फिरत राहिला. थोडा ऊस वाया गेला, पण गूळ उतरला. माझा राग तिथंच विरला.

आज चन्नम्मा तेलाची वाटी घेऊन आलीय. माझ्या तुटक्या दातांवर तेल सोडतीय.

"अक्का, आता त्याला कशाला?" आकाराम विचारतोय.

"माझ्या बैलाला दिलंय त्यानं. आता तरी देऊ दे की."

बरं वाटलं, बाई. पण आत नवं चाक करकरतंय, ऐकू येतंय का? वाटी तिकडं ने.